हात धुऊन मागे लागलेला डॉक्टर

कॉलेजच्या मासिकात चरित्र म्हटलं की नावं जवळजवळ ठरलेली असतात. विश्वेश्वरय्या, एडिसन, टेस्ला, कलाम सर. मी यंदा एका डॉक्टरवर लिहितेय. संपादक मंडळातल्या मित्राने लगेच विचारलं, की हा लेख मेडिकल कॉलेजच्या मासिकात नको का जायला? माझं म्हणणं, नको. या माणसाने जे केलं ते आपण प्रॉडक्शनवाले तिसऱ्या वर्षाला क्वालिटी कंट्रोलमध्ये शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. रिजेक्शन कुठे जास्त, कुठे कमी, फरक कशामुळे, एकेक कारण तपासून बाजूला काढा. फक्त त्याच्या रजिस्टरमध्ये रिजेक्ट झालेले जॉब नव्हते, मेलेल्या बायका होत्या.

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे भाषा साधीच असणार. अलंकारिक मराठी हवं असेल तर पुढच्या पानांवर कविता आहेतच!

या डॉक्टरचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. जन्म १ जुलै १८१८, गाव बुडा. आज आपण ज्याला बुडापेस्ट म्हणतो ते तेव्हा एक शहर नव्हतं. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा आणि समोरच्या काठाला पेस्ट, ती एकत्र झाली १८७३ साली. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील किराणा मालाचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. घरात बोलीतलं जर्मन, भोवती हंगेरियन, आणि लिहिण्याची मनापासून नावड. घरची भाषा एक आणि पुस्तकांची दुसरी असली की लिहिताना हात कसा अडखळतो, हे मला वेगळं सांगायला नको. ही नावड पुढे त्याला फार महागात पडली.

१८३७ मध्ये तो व्हिएन्नाला गेला तो कायद्याचा अभ्यास करायला. पण वर्षभरातच गडी मेडिकलला! आपल्या भाषेत ब्रँच चेंज. १८४४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि १ जुलै १८४६ ला, म्हणजे बरोबर अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये प्राध्यापक योहान क्लाइन यांचा असिस्टंट म्हणून रुजू झाला. विभाग होता बाळंतपणाचा.

या हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी शिकायच्या. येणाऱ्या बायका बहुतेक गरीब. मोफत उपचार मिळायचे, त्या बदल्यात शिकणाऱ्यांनी तपासलेलं चालवून घ्यायचं. भरती एक दिवस पहिल्या विभागात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात अशी आलटून पालटून व्हायची. म्हणजे बघा, इमारत एकच, पेशंट सारखेच, निवड निव्वळ वाराप्रमाणे. इतका चांगला प्रयोग कुणी ठरवून मांडला नसता!

आता १८४६ चे आकडे. पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणं आणि ४५९ मृत्यू. दुसऱ्या विभागात ३७५४ बाळंतपणं आणि १०५ मृत्यू. एकीकडे शंभरात ११ पेक्षा जास्त, दुसरीकडे ३ पेक्षा कमी. कारण एकच, सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत चढणारा ताप. पोट फुगायचं, नाडी धावायची, बाई जायची. बरेचदा पाठोपाठ बाळही.

हे गुपित नव्हतं. शहरातल्या बायकांना पक्कं माहीत होतं. पहिल्या विभागाचा दिवस निघाला तर त्या डॉक्टरांच्या पाया पडायच्या, की आम्हाला दुसरीकडे पाठवा. काहीजणी तर रस्त्यातच बाळंत होऊन मग हॉस्पिटलात यायच्या. आणि नवल म्हणजे रस्त्यात बाळंत झालेल्या या बायकांना तो ताप फारसा यायचा नाही. जगातल्या नामांकित डॉक्टरांच्या हातांपेक्षा रस्ता सुरक्षित! सेमेलवाइसची झोप या गोष्टीने उडाली.

त्या काळची उत्तरं तयार होती. हवा दूषित आहे, ऋतू वाईट आहे, गर्दी फार आहे. त्याने एकेक उत्तर आकड्यांवर घासून पाहिलं. हवा आणि ऋतू? दोन्ही विभाग एकाच आवारात, मग हवा एकाच दारातून आत शिरते का? गर्दी? उलट दुसऱ्या विभागातच जास्त, कारण सगळ्यांना तिथेच जायचं असायचं. कुशीवर बाळंत करतात म्हणून फरक पडतो का? त्याने पहिल्या विभागात तेही करून पाहिलं. मरणाऱ्या बाईला शेवटचे विधी द्यायला पाद्री घंटी वाजवत वॉर्डातून जायचे, त्या घंटीच्या धसक्याने बायका आजारी पडतात असंही कुणी म्हणायचं. त्याने पाद्रींना घंटी बंद ठेवून दुसऱ्या वाटेने जायची विनंती केली. मृत्यू होते तेवढेच राहिले.

मग मार्च १८४७. तो थोडे दिवस व्हेनिसला जाऊन आला आणि परत आल्यावर बातमी कळली, की त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. एवढंसं टोचलेलं. पण त्यातून सगळं अंग विषारलं आणि माणूस गेला. कोलेच्काच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि तो चपापला. आतल्या खुणा हुबेहूब त्या बाळंतिणींसारख्या. पुरुष, बाळंतपणाशी संबंध नाही, तरी रोग तोच!

इथे त्याला धागा मिळाला. पहिल्या विभागातले विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेतं चिरायचे आणि तिथूनच थेट वॉर्डात येऊन बायकांना तपासायचे. हात धुवायचे, पण नुसते साबणाने. हाताचा वास जायचा नाही. सुईणी मात्र शवविच्छेदन करत नसत. दोन विभागांतला फरक हा होता. आणि तो स्वतः तर सगळ्यांत जास्त वेळ शवागारात घालवायचा, कारण त्याला या तापाचं कारण शोधायचं होतं. जितका जास्त अभ्यास, तितक्या जास्त बायका त्याच्याच हातून आजारी. हे त्याने पुढे स्वतःच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं.

मे १८४७ च्या मध्याला त्याने नियम केला. वॉर्डात शिरणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे. पुढे स्वस्त पडावं म्हणून ब्लीचिंग पावडरचं पाणी. क्लोरीनच का, तर प्रेताचा वास त्यानेच जातो, म्हणजे चिकटलेलं जे काही आहे तेही जात असावं असा त्याचा तर्क. लक्षात घ्या, रोगजंतूंची कल्पना तेव्हा कुणी मान्य केलेली नव्हती.

एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरात १८ बायका गेल्या होत्या. जूनमध्ये शंभरात २, जुलैमध्ये १ च्या जरासं वर. १८४८ सालातल्या दोन महिन्यांत, मार्च आणि ऑगस्टमध्ये, त्या विभागात एकही बाई गेली नाही. एकही नाही! पूर्ण १८४८ चा आकडा शंभरात १.३ च्या आत, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या बरोबरीला. नवीन इमारत नाही, नवीन औषध नाही. एक घंगाळ, पाणी आणि ब्लीचिंग पावडर.

मधे एक धक्काही बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई होती. आधी तिला तपासून डॉक्टर पुढच्या खाटांकडे गेले. हात दारात धुतलेले, पण दोन पेशंटच्या मध्ये नुसत्या साबणाने. बारापैकी अकरा बाळंतिणी दगावल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातूनच येतं असं नाही, जिवंत माणसाच्या जखमेतूनही येतं. नियम बदलला. आता प्रत्येक पेशंटनंतर हात धुवायचे.

शाळेत डबा खाण्याआधी सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून हात बघायच्या, तेव्हा आम्ही वैतागायचो. मग जगातले मोठमोठे डॉक्टर किती वैतागले असतील! कारण या नियमाचा अर्थ सरळ होता. इतकी वर्षं बायका मेल्या त्या आपल्याच हातांनी. हे कोण मान्य करणार? जर्मनीत कील शहरात मिखाएलिस नावाच्या डॉक्टरने मान्य केलं, त्याने हात धुवायला सुरुवातही केली. पण त्याच्याच नात्यातली एक मुलगी त्याने तपासल्यानंतर या तापाने गेली होती. ते ओझं त्याला पेललं नाही आणि १८४८ मध्ये त्याने जीव दिला. बाकीच्यांनी सोपा रस्ता धरला, सेमेलवाइसच चूक आहे म्हणाले.

आणि आपल्या हीरोनेही घोळ घातला हं. हातात इतके पक्के आकडे असून त्याने लिहिलं नाही. त्याचा शोध जगापुढे मांडला तो हेब्रा आणि श्कोडा या त्याच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी. त्यात १८४८ ला व्हिएन्नात आणि हंगेरीत क्रांती पेटली, वातावरण तापलं. मार्च १८४९ मध्ये मुदत संपली तेव्हा क्लाइन साहेबांनी त्याची नेमणूक वाढवली नाही. पुढच्या वर्षी शिकवायची परवानगी मिळाली, पण बाहुलीवर शिकवण्यापुरती. १८५० च्या ऑक्टोबरात तो कुणालाही न सांगता व्हिएन्ना सोडून पेस्टला निघून गेला.

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा. तो गेल्यावर त्याच पहिल्या विभागात १८५४ साली ४३९३ बाळंतपणं झाली आणि ४०० बायका मेल्या. शंभरात ९! घंगाळ कुठे गेलं नव्हतं, ब्लीचिंग पावडर संपली नव्हती. दारात उभा राहून हात बघणारा माणूस गेला होता. एका माणसाच्या हट्टावर चाललेली पद्धत त्या माणसाबरोबर निघून जाते. वर्कशॉपमध्ये सर आहेत तोवर गॉगल डोळ्यांवर असतो, तसंच हे.

पेस्टला सेंट रोकस हॉस्पिटलात त्याने बिनपगारी काम धरलं. १८५१ ते १८५७ या काळात तिथे ९३३ बाळंतपणांत या तापाने गेलेल्या बायका फक्त ८. १८५५ मध्ये तो पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाला, १८५७ मध्ये लग्न झालं. पण विद्यापीठाच्या दवाखान्यात नवीनच भानगड. हात स्वच्छ, तरी बायका दगावू लागल्या. कारण सापडलं चादरींत. धुलाईचं काम सर्वांत कमी दराच्या टेंडरवाल्याला दिलेलं, आणि चादरी रक्ता-पुवाच्या डागांसकट खाटेवर परत यायच्या. वर लिहून काही होईना, तेव्हा साहेबांनी त्या घाणेरड्या चादरी उचलल्या आणि संबंधित अधिकाऱ्याच्या ऑफिसात नेऊन नाकासमोर धरल्या. चादरी बदलल्या! हात धुऊन मागे लागणं म्हणतात ते हेच.

मग १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गोष्ट घडली, जी त्याच्या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. हंगेरीच्या सरकारने सगळ्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना परिपत्रक काढून सेमेलवाइसची पद्धत लागू करायला सांगितलं. हॉस्पिटलातला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सरकारने हुकूम काढण्याचं हे फार जुनं उदाहरण. व्हिएन्नातले मोठे प्राध्यापक त्याच्यावर हसत असताना त्याच्या मायदेशात मात्र त्याचं म्हणणं सरकारी कागदावर आलं होतं.

१८६१ मध्ये अखेर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं, शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी. पुस्तकावर टीका झाली आणि त्याचा तोल सुटला. युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना त्याने जाहीर पत्रं लिहिली आणि त्यांना सरळ खुनी ठरवलं. खरं होतं, पण असं म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? हळूहळू त्याचं वागणं विचित्र होत गेलं. जुलै १८६५ च्या शेवटी त्याला व्हिएन्नाला नेण्यात आलं. हेब्राने नवीन संस्था दाखवतो असं सांगून त्याला एका वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तो निघून जायला लागला तेव्हा रखवालदारांनी त्याला मारहाण करून कोंडलं. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ ला तो गेला. वय ४७. कारण, हाताची जखम चिघळून सगळ्या अंगात पसरलेला संसर्ग. ज्या गोष्टीपासून त्याने हजारो बायकांना वाचवलं, तिनेच त्याला नेलं.

आणि आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. तो मुलगा बरा झाला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. पुढे पाश्चरने सूतिकाज्वराच्या रुग्णांमध्ये जंतू दाखवून दिले. जग सेमेलवाइसला मानू लागलं. आज बुडापेस्टच्या मेडिकल विद्यापीठाला त्याचं नाव आहे, आणि त्याचं जन्मघर वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

चरित्र इथे संपतं. पण मला हा माणूस कसा भेटला ते सांगते. माझी धाकटी मामी सीझरनंतर पाचव्या दिवशी बडबडायला लागली, अंग थंड, ब्लड प्रेशर खाली. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. दुसऱ्या हॉस्पिटलात नेल्यावर डॉक्टरांनी एक शब्द उच्चारला, सेप्सिस. मामी वाचली, आठ दिवस आयसीयूत काढून. त्या आठ दिवसांत बाहेरच्या बाकड्यावर बसून मी या शब्दाबद्दल मिळेल ते वाचलं. सेप्सिस म्हणजे संसर्गाशी लढताना शरीराचीच यंत्रणा बेताल होते आणि किडनी, फुप्फुस असे अवयव बंद पडू लागतात. इथे हिशोब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. सेमेलवाइसच्या बायकांना झालेलं हेच, कोलेच्काला हेच, त्यालाही हेच. आणि हा इतिहास झालेला नाही. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ९० लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतले १ कोटी १० लाख गेले असा अंदाज आहे.

म्हणूनच आता देश पुन्हा परिपत्रकाच्या वाटेने चाललेत. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुईणींना प्रशिक्षण आणि नोंदणी बंधनकारक करण्याची सुरुवात झाली. अमेरिकेत २०१२ मध्ये न्यूयॉर्कला शाळेत खेळताना हाताला खरचटलेला एक १२ वर्षांचा मुलगा सेप्सिसने गेला. सुरुवातीला दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं होतं. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केले. प्रत्येक हॉस्पिटलकडे सेप्सिस ओळखण्याची आणि उपचारांची लेखी पद्धत हवी, रक्ताची तपासणी आणि अँटिबायोटिक ठरलेल्या तासांत व्हायला हवं, आणि प्रत्येक केसचे आकडे सरकारला द्यायला हवेत. नंतर तिथल्या १४९ हॉस्पिटलांतल्या सुमारे ४९ हजार रुग्णांचा अभ्यास झाला. उपचारांना जितका उशीर तितका मृत्यूचा धोका जास्त, हे त्यात दिसलं. दुसऱ्या एका अभ्यासात, असे नियम नसलेल्या राज्यांपेक्षा न्यूयॉर्कमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त उतरलेलं दिसलं. २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिस टाळणं आणि वेळेत ओळखणं याबाबत ठराव करून सर्व देशांना पावलं उचलायला सांगितलं.

काहीजण म्हणतील, डॉक्टरला कायद्याने कशाला बांधता? प्रत्येक पेशंट वेगळा असतो. मुद्दा बरोबर आहे, आणि घाईघाईत सगळ्यांनाच अँटिबायोटिक दिली तर त्याचेही तोटे आहेत. पण १८५४ चा तो ४०० चा आकडा आठवा. चांगला डॉक्टर आहे तोवर सगळं ठीक, तो नसेल त्या रात्री काय? त्या रात्रीसाठी लेखी नियम लागतो, आणि नियम पाळला की नाही हे मोजणारं रजिस्टर लागतं. सेमेलवाइसकडे सत्य होतं, आकडे होते, हट्टही होता. मागे उभी राहणारी व्यवस्था त्याला फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

आपण इंजिनिअर व्यवस्थाच तर बांधतो. हॉस्पिटलचे नळ, चादरी धुण्याची यंत्रं, पेशंटचं प्रेशर घसरलं की वाजणारा अलार्म, आकडे साठवणारं सॉफ्टवेअर, हे आपल्यातलंच कुणीतरी करणार आहे. ते करताना हा किराणा दुकानदाराचा मुलगा आठवला तर बरं.

आणि तोवर एक छोटी मागणी, थेट मेस कमिटीकडे. बेसिनवर साबण आहे की नाही, असा एक रकाना रोजच्या रजिस्टरमध्ये वाढवा, आणि खाली कुणाची तरी सही घ्या. साबण आणून ठेवा असं मी म्हणत नाही. तो ठेवतात, आणि तिसऱ्या दिवशी गायब होतो!